माईकमामांच्या दोन ओव्हर

माईकमामांना कुठलीही गोष्ट नुसती बघता येत नसे. डोळ्यांना दिसलं की ते तोंडातून बाहेर आलंच पाहिजे. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात, मानसोपचार विभागाच्या बाहेरच्या बाकावर, मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. ऐकलं असंच म्हणायला हवं, कारण त्या बाकावर कुणी कुणाकडे बघत नाही. ओळखीचं निघालं तर काय घ्या, म्हणून प्रत्येकजण आपापल्या चपलांचा अभ्यास करत असतो. एवढ्यात शेजारून दबका पण चांगलाच तापलेला आवाज आला, "आणि केबिनमधून बाहेर पडतायत चौकटीच्या शर्टातले भाऊ, फाईल उजव्या हातात, चाल एकदम झोकात, लिफ्टच्या दिशेनं निघालेत, पण मंडळी, लिफ्ट बंद आहे, आता जिन्याशिवाय पर्याय नाही." चौकटीच्या शर्टातले भाऊ स्वतःच फस्सकन हसले. मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते, त्यामुळे मला आधी ठसकाच लागला.

त्यांचं खरं नाव बळीराम, राहणार बाळकुम. टॉवरांच्या मधोमध जी काही जुनी घरं अजून टिकून आहेत, त्यातलं एक त्यांचं. आमच्याकडे थंडी पडली की गावागावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. मंच, मंडप, दोन्ही टोकांना कर्णे आणि बक्षिसाला मोटारसायकल. बाळकुमपासून डोंबिवलीच्या आसपासच्या गावांपर्यंत कुठलाही चषक असो, समालोचनाला माईकमामाच हवेत. ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही अशा बायकासुद्धा गॅलरीत भाजी निवडत त्यांचं बोलणं ऐकायच्या, असं मामीच सांगत. मामी म्हणजे त्यांची बायको. ती कायम त्यांच्याबरोबर यायची, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात.

एका सामन्यात शेवटची ओव्हर चालू असताना त्यांचं बोलणं थांबलं. चेंडू सीमेपार गेला, लोक नाचायला लागले आणि कर्ण्यातून नुसता श्वास येत राहिला. त्यानंतर ते मंचावर चढलेच नाहीत. झोप गेली, भूक गेली, सकाळी उठावंसं वाटेना. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं. "चार माणसांत जमतंय अजून," ते मला म्हणाले होते, "पण मैदान समोर आला का गला आवळतो."

माझं दुखणं तेच, फक्त जागा वेगळी. मी ठाकुर्लीला राहते आणि डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वर्गाकडे जाणाऱ्या जिन्यात माझे पाय अडकायचे. खाली मुलांचा गोंगाट, वर मुलांचा गोंगाट आणि मधल्या वळणावर मी, कठडा धरून. शेवटी रजा टाकली. नैराश्यावरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिच्यात आम्ही दोघं एकाच सुमारास सामील झालो. काही जणांना खरी गोळी, काही जणांना तशीच दिसणारी पण आत काहीच औषध नसलेली. समुपदेशन मात्र सगळ्यांना. कुणाला काय मिळतंय हे ना आम्हाला ठाऊक, ना डॉक्टरांना. मला या गोष्टीचं भयंकर दडपण आलं होतं. मामांना त्यातच सगळी मजा वाटली. "टॉस झालाय मॅडम, आणि दोन्ही कॅप्टनना माहीत नाही कोण जिंकला. असा सामना मी जन्मात बघितला नाय."

संमती देताना कॅमेरा लावतात, म्हणजे आपल्याला सगळं नीट समजावलं होतं याचा पुरावा राहतो. मी त्या कॅमेऱ्यापुढे चोरासारखी बसले होते. मामा केस विंचरून आले आणि "नमस्कार मंडळी" म्हणून सुरू झाले. चाचणीचं काम बघणारी प्राची नावाची मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. तिने त्यांना दोनदा थांबवून बजावलं की चाचणी कधीही सोडता येते, कारण विचारलं जाणार नाही आणि सोडली तरी उपचार थांबणार नाहीत. ते मामांना फार आवडलं. टीम सोडली तरी चहा-नाश्ता चालूच, असं ते येईल-जाईल त्याला सांगत सुटले.

तपासणी गुरुवारी असायची, आणि त्या गुरुवारांची मी चातकासारखी वाट बघायला लागले. हसायला येतं, पण खरं आहे. तपासणी झाली की आम्ही तिघं खोपटला एसटी डेपोसमोर चहा प्यायचो. मागे येणारी एसटी, कंडक्टरची शिट्टी, पळत सुटलेला एखादा प्रवासी, या सगळ्याचं मामा असं काही वर्णन करायचे की गाडी सुटेपर्यंत माझा जीव टांगणीला. तो प्रवासी चढला की मी चक्क टाळ्या वाजवायची. भूगोलाची बाई भर रस्त्यात टाळ्या वाजवतेय आणि चहावाला पातेलं सोडून बघतोय, असं ते दृश्य होतं.

आता त्यांच्या स्वभावातली खरी मेख. दर भेटीला प्राची आम्हाला तेच ते प्रश्न विचारायची. झोप कशी आहे, उदास वाटतं का, जगणं नकोसं वाटतं का. दार अर्धवट उघडं राहिलं की मामांची उत्तरं बाहेर ऐकू यायची. झोप एकदम कडक. भूक एकदम कडक. मन एकदम कडक. प्राचीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नसे, आणि तो बघून मामा आणखी फुलायचे. मला वाटायचं, यांना नक्की खरी गोळी लागलीय आणि माझ्या वाट्याला पीठ आलंय. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला.

एकदा खोपटला मामा कप परत द्यायला उठले, तेवढ्यात मामी माझ्याकडे सरकली. "घरान ते एक शबुद बोलत नाय, मॅडम," ती म्हणाली. "दिसभर भिंतीकडं बगत बसतान. परवा मना बोलले, मी नसलो तं तुजा बरा व्हईल." पिशवीवरचे तिचे हात घट्ट झाले होते. मामा परत आले ते येऊ घातलेल्या कल्याण गाडीचं समालोचन करतच. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी त्यांना मध्येच तोडलं आणि प्राचीला हे सांगितलंत का म्हणून विचारलं. त्यांनी आधी मामीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग लहान मुलाला समजवावं तसं मला समजावलं. "ती पोर किती आस धरून इचारते मॅडम. आपल्यासाठी एवढी राबते. तिला कसा सांगायचा, बरा नाय म्हणून? पावण्याला कोण रिकाम्या हातानं धाडतो का?"

म्हणजे हा माणूस त्या मुलीचं मन मोडू नये म्हणून इतके दिवस बरा होत होता. मला इतका राग आला, आणि त्या रागाखाली इतकी भीती, की मी वर्गातल्या आवाजात बोलले. "मामा, तुमच्या गावाची टीम हरत असेल, तर माईकवरून जिंकतेय म्हणून सांगता का कधी?"

ते ताडकन उठले. "मॅडम, वीस-बावीस वर्षं बोलतोय. एक रन इकडची तिकडं केली नाय. माणसं शिव्या देतान, तरी नाय."

"मग इथंच का?" मी विचारलं.

ते खाली बसले आणि कल्याण गाडी त्यांच्यासमोरून वळून निघून गेली, तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. थोड्या वेळाने मामीला म्हणाले, "चल, परत जाऊ." पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायला मीही तयार नव्हतेच. आम्ही तिघं तसेच हॉस्पिटलात परत गेलो.

ते आत गेले, दार लागलं. मग प्राची धावत बाहेर आली आणि डॉक्टरांना घेऊन गेली. मग मामीला आत बोलावलं. मी बाकावर एकटी, माझ्या चपला बघत. माईकमामा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि खांदे मात्र सैल पडले होते. त्यांची परिस्थिती ऐकून डॉक्टरांनी त्यांना चाचणीतून काढलं होतं. गोळी खरी की नकली या कोड्यात आता एक दिवसही घालवायचा नव्हता. नेहमीचे, खात्रीचे उपचार लगेच सुरू होणार होते, आणि मामीने त्यांना एकटं सोडायचं नव्हतं. आधीची सगळी उत्तरं खोटी होती म्हणून मामांनी प्राचीची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, मला चांगलं उत्तर नको होतं, तुमचं हवं होतं." हे मामांनीच मला सांगितलं.

त्यानंतरचे गुरुवार मी एकटीने काढले. त्यांचे उपचार वेगळे, दिवस वेगळे, आमची गाठ पडेना. मामीचा फोन मात्र यायचा. आज भाकरी मागून घेतली. आज शेजाऱ्याशी भांडले. भांडण झाल्याचं एवढ्या आनंदाने सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी चाचणी पूर्ण झाली, मी शाळेत रुजू झाले. माझी गोळी कुठली होती हे अजून कळलेलं नाही. सगळा अभ्यास संपल्याशिवाय कळणारही नाही.

मग थंडी पडली आणि एके दिवशी फोनवर खुद्द माईकमामा. बाळकुमच्या मैदानावर फायनल होती आणि ते मंचावर चढणार होते. मी दुपारीच जाऊन बसले. मामीने माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. कर्ण्यातून "नमस्कार मंडळी" असं आलं आणि अख्ख्या मैदानाने अशी शिट्टी मारली की माझ्या अंगावर काटा आला. काय बोलला तो माणूस! चेंडू फलंदाजाकडे पोचायच्या आत त्यांचं वाक्य पोचायचं. गॅलऱ्या भरल्या. मी उभी राहून ओरडत होते, कुठल्या बाजूने हेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या डावात सामना रंगात आलेला असताना त्यांचा आवाज कापला. मी मामीचा हात धरला. कर्ण्यातून तोच नुसता श्वास आला. आणि मग, अगदी साध्या आवाजात, "मंडळी, मला आता बरं वाटत नाही. दोन ओव्हर बसतो. सामना चालू ठेवा."

कुणीतरी मंचावर खुर्ची सरकवली, कुणी पाणी दिलं, एका मुलाने माईक घेऊन कसाबसा धावफलक वाचायला सुरुवात केली. कुणी हसलं नाही. दोन ओव्हर झाल्या आणि माईकमामा उठले. शेवटची ओव्हर त्यांनी अशी काही रंगवली की हरलेल्या टीमची पोरंसुद्धा मंचाखाली येऊन नाचली. बाळकुमची टीम हरली होती. तेही त्यांनी तेवढ्याच जोरात सांगितलं.

उन्हं उतरल्यावर ते खाली आले आणि माझ्या शेजारी बसले. मी त्यांचं कौतुक करायला तोंड उघडणार, तोच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही कशा हाव?"

"एकदम कड..." मी म्हटलं आणि थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी सांगितलं, की मी बरी आहे, पण पूर्ण नाही, जिन्याच्या त्या वळणावर मला अजून थांबावं लागतं, आणि शाळेत हे कुणालाच माहीत नाही. एकदा सुरुवात झाली आणि मला आवरेना. मंडपवाले कापड सोडवायला लागले, कर्णे उतरले, समोरच्या टॉवरमध्ये दिवे लागले, तरी मी बोलतच होते. समोर दिसेल ते बोलून दाखवणारा तो माणूस माझ्यासमोर बसून होता आणि मध्ये एक शब्द बोलला नाही.