उसना हात

"परक्या गड्यांचे हातपाय चोळायला मुंबईला? इंटर सायन्स शिकून? दाजी, हिला आवरा! न्हाय तर म्या गिरणीच्या पट्ट्यात डोकं घालतो, आत्ताच्या आत्ता!"

मामा ओरडत होता. आमचा मामा म्हणजे अव्वाचा, माझ्या आईचा, धाकटा भाऊ. जळकोटात त्याची पिठाची गिरणी होती आणि वर्षानुवर्षं डिझेल इंजिनाशी बोलून बोलून त्याचा आवाज असा झाला होता की त्यानं कानात सांगितलेली गोष्ट नळदुर्गच्या किल्ल्यावर ऐकू जावी. त्या दिवशी तो ओरडला तेव्हा हैदराबादेकडे निघालेला एक ट्रक आमच्या दुकानासमोर थांबला आणि ड्रायव्हर खाली उतरून चारी टायर तपासून गेला. मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझी धाकटी बहीण म्हणते, ट्रक चहाला थांबला होता. तिचं मनावर घेऊ नका. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तिला गोष्ट सांगता येत नाही.

मी ओट्यावर उभी होते. हातात मुंबईच्या कॉलेजचा फॉर्म, त्यावर पालकाच्या सहीची जागा कोरी. पालक समोरच लोडाला टेकून बसले होते. भुसार मालाचं आमचं दुकान. चहूकडं ज्वारी-तुरीची पोती आणि मधोमध अप्पा.

"मामा, चोळायचं नसतं त्यात," मी म्हणाले. "ज्याचा हातपाय गेलाय त्याला त्याचं रोजचं काम परत करायला शिकवायचं. तेच औषध."

"मग शिकव की!" मामानं अप्पांच्या मांडीकडं बोट केलं. "घरात हात पडलाय चार म्हयने झाले. परगावच्यांचं कौतुक मागनं!"

पोत्यावरची चिमणी उडाली. अप्पांचा डावा हात मांडीवर उपडा पडला होता, बोटं आत वळलेली.

त्या संक्रांतीनंतर अप्पांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावं अंग लुळं पडलं. तोंडाला काही झालं नव्हतं, हे आमचं भाग्य, आणि गिऱ्हाइकांचं दुर्भाग्य. गावात औषधं सांगणाऱ्यांची जत्रा लोटली. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. अव्वानं त्याला लाटणं घेऊन हायवेपर्यंत पोचवला. शेवटी आम्ही अप्पांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. मी तिथंच मामेआजोबांकडं राहून कॉलेज शिकत होते, त्यामुळं पेपर आणि अप्पा यांच्यामध्ये माझी ये-जा चालायची.

त्या दवाखान्यात एक बाई होत्या. पांढरा कोट, अंगानं काडी, पण वॉर्डात आल्या की भले भले पैलवान अंग चोरून बसायचे. त्या कुणाला इंजेक्शन देत नव्हत्या, गोळी देत नव्हत्या. एका विणकराला त्यांनी नुसता सुताचा गुंता सोडवायला बसवलं होतं. एका बाईला कणीक मळायला. मी तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या, "हातात जोर आल्यावर काम करायचं, असं यांना वाटतं. मी काम करवून जोर आणते." झालं. मी त्याच जागी ठरवलं. बाईंनीच मुंबईच्या शिक्षणाची माहिती दिली, फॉर्म मागवून दिला आणि बजावलं, "सही घेऊन जूनच्या अखेरीला स्वतः मुंबईला हजर व्हायचं. पत्रं पाठवत बसू नकोस."

अप्पा घरी आले तेव्हा काठी टेकत चालत होते. खांदाही हळूहळू उचलत होता. तळहात तेवढा सरळ होईना. आणि आमच्या घरात नेमकं तिथंच अडलं होतं.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात, चांदीच्या डबीत. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, छातीपुढं धरायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचा. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. ज्याचं लिंग त्यानंच हाती धरायचं. आता अप्पांचा डावा हात म्हणजे बंद झालेलं कुलूप. आमच्या गुरूंनी, जंगम स्वामींनी, मोकळ्या मनानं सांगितलं होतं, "खालून कुणी हाताला आधार दिला तरी चालतंय." म्हणून मामा रोज पहाटे गिरणी सुरू करायच्या आधी यायचा, अप्पांचं मनगट उलटं करून धरायचा, बोटं सोडवायचा, आणि पूजा होईपर्यंत खांबासारखा बसायचा. एक दिवस चुकला नाही. पण अप्पा जेवायला बसले की पुटपुटायचे, "उसन्या हाताची पूजा." आणि अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचे. सव्वा चार भाकरी खाणारा माणूस!

तर त्या दिवशी मामाचं ओरडणं संपल्यावर अप्पांनी फॉर्मकडं पाहिलं. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेला माणूस. त्यांच्या लेखी ती 'दरखास्त'.

"ह्यो बोलला ते बराबर हाय," अप्पा म्हणाले. "ज्या दिवशी लिंग माझ्या हातावर राहील, खाली कुणाचा हात न ठेवता, त्या दिवशी दरखास्तीवर सही. न्हाय राहिलं, तर लोहाऱ्याचं स्थळ बघायला येणार हाय, त्यास्नी व्हय म्हणायचं."

"आन मधल्या काळात कटकट करायची न्हाय!" मामा म्हणाला.

"साकु!" अप्पा म्हणाले. आमच्याकडं कानडी ही भांडण संपवायला वापरतात. साकु म्हणजे पुरे.

हातात सात आठवडे होते. मी बाईंनी शिकवलेलं सगळं केलं. गरम पाण्यात हात, मग बोटं एकेक सरळ, मग लाटणं फिरवणं, मग चेंडू. अप्पा चेंडूकडं असे बघायचे की चेंडूच लाजून गडगडत जायचा. "म्या काय रांगतं पोर हाय का?" दोन मिनिटांत हात मांडीवर. तीन आठवडे गेले. हात होता तिथंच होता. लोहाऱ्याच्या स्थळाचं पत्र मात्र आलं.

मग एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या मला बाईंचा विणकर आठवला. त्याला त्यांनी चेंडू दिला नव्हता, सूत दिलं होतं. आणि अप्पांचं सूत तर माझ्या समोर छतापर्यंत रचलेलं होतं!

भुसाराचा व्यापारी माल कसा बघतो, ठाऊक आहे? पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे काढायचे, तळहात उताणा करून पसरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं दाणा दाणा सारून बघायचा. त्याला वानगी म्हणतात. चाळीस वर्षं अप्पांनी वानगी डाव्याच तळहातावर पाहिली होती. आता ते उजव्या हातानं पसाभर घेऊन फळीवर पसरायचे आणि तोंड वाकडं करायचे.

मी कट केला. अप्पांना नेहमी माल घालणारा एक जुना शेतकरी होता, म्हातारबा. त्याला गाठून म्हणाले, "म्हातारबा, उद्या ज्वारी आणताल तर त्यात खडे घालून आणा."

म्हातारबा दोन पावलं मागं सरकला. "माज्या पोत्यात खडा? पोरी, आमच्या बैलाच्या वैरणीत बी खडा नसतोय!"

लई विनवण्या केल्या, तेव्हा कबूल झाला. आणले किती, तर तीन खडे. तेही धुतलेले असावेत. शेवटी मीच मागच्या दारी जाऊन ओंजळभर वाळू त्याच्या पोत्यात घातली आणि काही न घडल्यासारखी दुकानात येऊन बसले. अव्वाला सांगून ठेवलं होतं: माझी हाक आली की कडकडीत चहाची कपबशी अप्पांच्या उजव्या हातात द्यायची. आमच्याकडची कपबशी म्हणजे लहानसं तळं. एकदा हातात आलं की हलायची सोय नाही.

पोतं अप्पांच्या डाव्या अंगाला ठेवलं. चहा हातात आला. मी पोत्यात हात घातला, दाणे पाहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "वा म्हातारबा! असली ज्वारी तुळजापुरापर्यंत सापडायची न्हाय. घेऊन टाकते, अप्पा."

अप्पांना बसल्या जागी वाळूची कचकच ऐकू आली. त्यांना दुसऱ्या तालुक्यातली कचकच ऐकू यायची.

"थांब!"

"का? चोख माल आहे. बांधू का भाव?"

"अगं थांब म्हणतो ना!"

कपबशी उजव्या हातात. ठेवायला जागा नाही. फळीवर मी तराजू मांडून ठेवला होता. आणि मग तो डावा हात उठला. खांद्यापासून ओढत, लटपटत, खाली पाहून चालणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखा निघाला आणि पोत्यात शिरला. बाहेर आला. मनगट वळलं, अर्धं. बोटं उघडली, थोडी. तळहातावर सात दाणे आणि एक खडा. मी मोजले आहेत.

"खडा हाय," अप्पा म्हणाले. आणि मग त्यांना दिसलं, खडा कुठल्या हातात आहे ते.

चहा सगळा धोतरावर गेला. कुणी चहाकडं पाहिलं नाही.

अप्पा म्हणाले, "म्हातारबा, तुमच्याकडनं हे वाटलं नव्हतं."

"मला बी वाटलं नव्हतं, शेट!" म्हातारबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या पोरीनं घातली वाळू! बेलाची आण, माजे तीनच हायेत!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी तराजूच्या दोऱ्या सारख्या करायला घेतल्या. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "आजपास्नं वानगी डाव्या हातानं."

पुढच्या तीन आठवड्यांत जळकोटात जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून अर्धंच सांगते. शेतकरी गाड्या सोडून ओट्याभोवती उभे राहायचे. हात पोत्यात गेला की सगळे श्वास धरायचे. "अजून, शेट, अजून उताणा!" "अंगठा सोडा, अंगठा!" मामा गिरणीतून पिठानं पांढराफटक होऊन धावत यायचा; त्याला पाहून एकदा एक खोंड दावं तोडून थेट तुळजापुराच्या दिशेनं गेला. ज्वारीनंतर तूर, तुरीनंतर करडई. दाणा जितका निसटता, तितका हात जास्त उताणा ठेवावा लागे. आता इतक्या वर्षांनी मला ठाऊक आहे की काही हात वेळ गेला की आपल्या आपणही थोडे सुटतात. तेव्हा ठाऊक नव्हतं हे बरं झालं. असतं तर मी श्रेय निम्मंच घेतलं असतं.

मात्र खरी भीती पुढंच होती. ज्वारी सांडली तर झाडून घेता येते. लिंग हातून पडणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. अप्पा वानगी बघायचे, पण पूजेला बसले की मुकाट्यानं मामाची वाट बघायचे. मी त्यांना तळहातावर सुपारी ठेवून बसायला लावलं. पहिल्या दिवशी ती घरंगळून तराजूखाली गेली. दुसऱ्या दिवशीही. नंतर नंतर ती तिथं बसू लागली, थरथरत, पण बसू लागली. जून संपायला चार दिवस उरले. मी फॉर्मबद्दल एक अक्षर काढलं नाही, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी तपश्चर्या.

सोमवारी पहाटे मामा नेहमीसारखा आला, हात धुऊन अप्पांच्या डावीकडं बसला आणि मनगट धरायला पुढं झाला.

"थांब," अप्पा म्हणाले. "हात खाली धर. लावू नगो."

मामानं दोन्ही हात अप्पांच्या हाताखाली धरले, चार बोटं अंतर ठेवून. अव्वा दारात उभी राहिली. मी तिच्यामागं. अप्पांनी हात वर आणला. मनगट वळवलं. बोटं उघडायला वेळ लागला. मला वाटतं तेवढ्यात सोलापूरची एक एस्टी जाऊन परत आली. मग उजव्या हातानं त्यांनी लिंग तळहातावर ठेवलं.

हात थरथरला. मामाचे हातही खाली त्याच्या मागं मागं सरकले. पाणी झालं. भस्म झालं. बेलाचं पान ठेवलं. अव्वा तोंडात पदर धरून उभी होती. आमचा मामा, ज्याच्या आवाजाला ट्रक थांबायचे, त्याच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही. अप्पांनी डोळे मिटले, नेहमीपेक्षा कमी वेळ, मग उघडले, आणि लिंग परत डबीत गेलं. कुठं काही पडलं नाही.

अप्पा जेवायला बसले. साडेतीन भाकरी खाल्ल्या. हात धुतला आणि म्हणाले, "दरखास्त आण."

मी आणली. त्यांनी चष्मा लावला, सगळा इंग्रजी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, त्यातलं एक अक्षर कळत नसताना दोनदा पाहिला, आणि कोऱ्या जागी उर्दूत झोकदार सही केली. मी पाया पडले. आता काहीतरी बोलतील, म्हणून वाकलेलीच राहिले. त्यांनी सहीवर फुंकर घातली.

मामा अजून तिथंच बसला होता, रिकामे हात मांडीवर घेऊन. इतक्या हळू आवाजात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"दाजी, मग उद्यापास्नं म्या येऊ का नगो?"

अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"ये. हिची ट्रंक एस्टीवर चढवायची हाय."