राखण कुणाची?

मी देश सोडला त्या दिवशी आईने शिवेवरच्या दगडापाशी टेंपो थांबवायला लावला. लोधिवलीच्या अलीकडे, हायवेला लागण्याआधी, शेंदूर फासलेला तो दगड म्हणजे आमच्या गावाचा राखणदार. शिवेबाहेर जाणाऱ्याने त्याला नारळ द्यायचा. मी चालले होते विलायतेला, आंतरराष्ट्रीय सुरक्षा शिकायला, तीही चिकित्सक सिद्धांताच्या अंगाने. म्हणजे रणगाडे मोजायचे नाहीत. सुरक्षा कुणाची आणि कुणापासून, हे विचारायचं. पुस्तकं दोनच वाचलेली, पण डोकं नारळाहून टणक. आईला तिथंच ऐकवलं, “ही शीव, हे भय, सगळं तुमच्याच बोलण्यातून उभं राहिलंय.”

“बरं,” आई म्हणाली. “नारळ फोड आता. इमान सुटंल.”

मी फोडला नाही. तिनेच फोडला. ती शहाणी पोरगी आज भेटली, तर तिला तिथंच टेंपोतून खाली उतरवीन.

तिकडे माझं बस्तान छान बसलं. बाहेर पाऊस, आत सेमिनार. चीज, वाइन आणि जगातल्या सगळ्या पीडितांची मुक्ती. एकमेकांच्या तळटिपा खाऊन जगणारी आमची जमात. लढाया आपल्या वेळेवर सुरू होत राहिल्या, कुठल्या सेनापतीने आमचं एक पान उलटलं नाही. मी मात्र ‘राष्ट्राची सुरक्षा की माणसाची?’ या एका प्रश्नावर घर घेतलं आणि पेन्शनही. आता नात त्याच विषयात शिरली आहे. फोनवर मलाच मुक्ती समजावते. नाकही माझंच घेतलंय कार्टीने.

यंदा पेरणीआधी गावी गेले, तर दगड भिंतीच्या आत. आजूबाजूच्या भातशेतांवर बंगल्यांची स्कीम झालेली. गेटवर आमचाच भाचा, युनिफॉर्मात. “आत्या, नाव आनि कुनाकडं जायचं ते सांगावं लागंल. कॅमेरा हाय.”

पेरणीआधी गाव त्या दगडाला राखण देतं: कोंबडा, नारळ, गाऱ्हाणं. यंदा स्कीमचा चेअरमन नाही म्हणाला. गावकरी रिस्क, मोळ्या घेऊन जाणाऱ्या ठाकरणीही रिस्क. माझी भावजय शेवंतावहिनी रडकुंडीला आलेली. “वन्सं, तुमी यातलंच शिकल्या ना? बोला की जरा. राखन चुकली तर पेरायला कुनाचा हात व्हायचा नाय.”

मी गेले. इस्त्रीची साडी नेसून, जन्मभराचा अभ्यास घेऊन. चेअरमनला म्हटलं, “धोका आधीपासून असतोच असं नाही. अधिकार असलेलं कुणीतरी ‘धोका’ म्हणतं, मग तो होतो.”

“एक्झॅक्टली, मॅडम! म्हणून तर आम्ही आधीच म्हणून ठेवतो.”

माझा सिद्धांत त्याने चहात बिस्कीट बुडवावं तसा बुडवून खाल्ला. वर विचारलं, आणखी कॅमेरे कुठे बसवावेत? गेट काही उघडलं नाही.

बाहेर वहिनीने माझं तोंड बघितलं आणि पदर खोचला. “ऱ्हाऊ दे दगड आत. शीव आपन बाहेर घेऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीतला गोटा आणून गेटासमोर, रस्त्याच्या अलीकडे बसवला. शेंदूर लावला. गेटवरच्या भाच्याने टोपी काढून हात जोडले. गावातल्या म्हाताऱ्या काशादादाने गाऱ्हाणं सुरू केलं, “जी घरात हायेत त्यांची राखन कर, जी शिवेबाहेर गेलीत त्यांची कर,” आणि माझं नाव घेतलं. मी दचकले.

“दर साली घेत्यात,” वहिनी पुटपुटली. “आत्याबाईंनी सांगून ठिवलेलं.”

आत्याबाई म्हणजे माझी आई.

तुम्ही जे इथं राहिलात आणि जे माझ्यासारखे उडालात, त्या सगळ्यांना सांगते. घर म्हणजे, जिथं आपण नसताना आपलं नाव घेतात. बाकी सगळीकडे ते गेटवर सांगावं लागतं.

काशादादा भिंतीकडे बघून थबकला. “बंगलेवाल्यांचं काय करायचं गं, बाय?”

“वगळा,” मी म्हटलं.

वहिनीने चिमटा काढला. “बुकात असंच शिकिवता व्हय?”

“बुक मीच लिहिलंय. त्यातलं काय वगळायचं ते मला कळतं.”

काशादादाने नारळ माझ्याच हातात दिला. एका दणक्यात फुटला.