बरं-बरं मास्तरांचा खडू

आमचे हे चिडत नाहीत. म्हणजे लोकांना तसं वाटतं. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, पँट उद्याच पाहिजे," की हे म्हणणार, "बरं बरं." कापड मात्र त्या शहाण्यानं संध्याकाळी आणून टाकलेलं असतं! बाजारात सगळे ह्यांना बरं-बरं मास्तरच म्हणतात. चिडायचं खातं घरात माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून सांभाळते.

पण गिळलेला राग जातो कुठे? ह्यांचा रक्तदाब इतका चढला, की डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच झापलं. मग ह्यांना म्हणाल्या, "मनात साठवू नका, मास्तर. बोलवत नसेल तर रोज लिहून काढा. नाहीतर एक दिवस जिवावर बेतेल." मी घाबरलेच. लगेच छान जाड वही आणली. ह्यांनी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहायला घेतली. कपाळ माझं!

शेवटी ह्यांनीच तोड काढली. कोट शिवताना अस्तराखाली, आतल्या कापडावर, खडूनं मनातलं लिहायचं आणि वरून अस्तर शिवून टाकायचं. आमचा खडू मेणाचा, गरम इस्त्री फिरली की रेघ गायब. दुकानात इस्त्री करते मी. "वाचायचं नाही हं," असं ह्यांनी बजावलं होतं. वाचणार कसं? सगळं शिवूनच माझ्यापुढे यायचं. मी इस्त्री दाबत विचारायची, "आज कोणाचा नंबर?" हे नुसते हसायचे. पण तब्येत सुधारली. दोन घास जास्त जायला लागले. एकदा तर मशीनवर बसून शीळ घातली, मी दचकलेच.

नंबर बहुतेक एकाचाच असणार, थोरल्या भाऊजींचा. ह्यांना सुई धरायला ह्या मोठ्या भावानंच शिकवलं, दुकानही त्यांनीच उभं केलं. आता हात थरथरतो म्हणून शिवणं सोडलंय, पण रोज येऊन खुर्ची अडवतात. आणि हे कापायला लागले की उठून, गिऱ्हाइकादेखत, ह्यांच्या हातातली कात्री हिसकावून घेतात. "सरक, तुला नाही जमायचं." पन्नाशीच्या माणसाला! मग वाकडं कापून ठेवतात आणि हे गुपचूप सरळ करून घेतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

गेल्या थंडीत ह्यांनी भाऊजींना काळा कोट शिवला. मी कडक इस्त्री केली, भाऊजी घालून गेलेसुद्धा. मग टेबल आवरताना पाहते तर मेणाच्या खडूचा डबा रिकामा! म्हणजे ह्यांनी मातीचा खडू वापरला होता. तो इस्त्रीनं जात नाही, ब्रशनं झटकावा लागतो.

"अहो, ह्या कोटातही लिहिलंत?"

"त्याच्याच कोटात लिहावंसं वाटलं गं." ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"असू दे. अस्तर कोण उघडून बघतंय?"

"दादा बघतो. मी शिवलेलं दर वेळी उसवून टाके तपासतो."

भाऊजी दुकानाकडे फिरकेनात. ह्यांचं जेवण पुन्हा ताटातलं ताटात. "दादा तोडून टाकेल मला," एवढंच म्हणाले. मी रक्तदाबाच्या गोळ्या जवळ घेऊनच दुकानात बसत होते.

मग एका सकाळी भाऊजी आले आणि कोट टेबलावर टाकला. "अस्तर सुटलंय. शिवून दे."

ह्यांनी अस्तर उलटलं. मी मान लांब केली. वाचायचं नाही वगैरे गेलं खड्ड्यात! ह्यांच्या अक्षरात होतं, 'दादा, माझ्या हातातली कात्री ओढू नकोस. लोकांसमोर तर नकोच. मला फार राग येतो रे. तुझा हात थरथरताना बघून रडूही येतं.'

त्याखाली, तशाच पांढऱ्या खडूनं, वाकड्यातिकड्या अक्षरात भाऊजींनी लिहिलं होतं, 'बरं.'

ह्यांना हुंदका आवरेना आणि मला हसू. भाऊजी उगाच गुंड्यांचे डबे न्याहाळत बसले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कापड घेऊन आलं. माप झालं, ह्यांनी कात्री उचलली. भाऊजी सवयीनं अर्धे उठले. मग पुन्हा बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"काप," ते म्हणाले, "मी बघतोय."