मॅटवरची डावी टाच

मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं आणि त्यातलं बहुतेक ड्रॉवरमध्येच राहिलं. अकरा मॅनेजरांनी वाचून सह्या केल्या असं माझं लिखाण एकच आहे. तीन पानं, इंग्रजीत, एका पिकअपचा क्लच का गेला याविषयी. भाषेची एकही चूक मला त्यात अजून सापडलेली नाही. खोटं वाक्य एकच आहे आणि बाकीचा सगळा अहवाल त्याच वाक्यावर उभा आहे.

आम्ही अल खोरला राहतो. साईट तिथून अर्ध्या तासावर. आमच्या विभागाकडे एक डबल कॅबिन पिकअप होती, हाताने गिअर टाकायची. कतारमध्ये बाकी सगळा देश ऑटोमॅटिकवर चालतो, साईटच्या पिकअप तेवढ्या जुन्या रीतीच्या उरल्यात. ती चालवायचा वेंगुर्ल्याकडचा एक ड्रायव्हर, वयाने माझ्यापेक्षा थोडा मोठा. चार वर्षांत त्या गाडीच्या क्लचला कुणाला हात लावावा लागला नव्हता.

त्याची रीत अशी होती. सिग्नलला गाडी थांबली की न्यूट्रल, आणि डावा पाय पेडलवरून काढून शेजारी मॅटवर. लुसैलच्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तिथे तो पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी ठेवायचा आणि मग पहिल्या गिअरवर, क्लच पूर्ण सोडून, एका दमात ती जागा भरायचा. मागचे हॉर्न वाजवून हैराण व्हायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, ते चिडलेत."

"वाजवूंदे, सायबानू. हॉर्नान क्लच झिजणा नाय."

क्लच पेडलच्या डाव्या बाजूला, त्याची टाच जिथे टेकायची तिथे रबरी मॅट गुळगुळीत झाली होती. बशीएवढा खळगाच पडला होता. पेडलचं रबर मात्र जवळजवळ नवं.

मी पुण्याच्या गर्दीत गाडी शिकलो. चढावर पाय अर्धा दाबून गाडी तरंगत ठेवायची, हॅन्डब्रेकला हात लावायचा नाही, यालाच आम्ही कौशल्य म्हणायचो. त्या अर्ध्या दाबलेल्या अवस्थेत क्लचची प्लेट इंजिनच्या चाकाला धड चिकटलेली नसते आणि धड सुटलेलीही नसते. नुसती घासत, तापत राहते. हे सगळं मला पुस्तकातून नीट ठाऊक होतं. दर आठवड्याला साईटवर सुरक्षेचं व्याख्यान होतं, त्यात 'क्लचची काळजी' या विषयावर मी चित्रांसकट दहा ड्रायव्हरांना ज्ञान दिलं होतं. तो पहिल्या रांगेत बसून, जावयाचं भाषण ऐकावं तसा आदराने मान डोलवत होता.

शुक्रवार-शनिवारी ती पिकअप ड्यूटी इंजिनिअरच्या घरी असायची, साईटवरून बोलावणं आलं तर असावी म्हणून. नियम एकच, डांबर सोडायचं नाही. त्या आठवड्यात ड्यूटी माझी होती आणि नाशिकहून बायकोचा भाऊ आला होता. त्याला वाळवंट बघायचं होतं.

"दाजी, चार चाकांना जोर असलेली गाडी दारात उभी आहे आणि आपण मॉलमध्ये फिरतोय," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं अल खोरजवळच्या थखिराच्या तिवरांकडे गेलो. गाडी हद्दीबाहेर गेली की कंपनीकडे चहाडी करणारं यंत्र तिच्यात होतं. थखिरा हद्दीच्या आत होतं, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने मी सज्जन होतो. कच्च्या वाटेवरून मी खाडीच्या बाजूला उतरलो. तिथली जमीन दिसायला कडक, वर पांढरी खपली आणि खाली खारा चिखल. इथले लोक तिला सबखा म्हणतात आणि तिच्यापासून लांब राहतात. पन्नास पावलांवर पुढची चाकं बसली.

वाळू-चिखलासाठी त्या गाडीला कमी वेगाचा वेगळा गिअर होता. त्याचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता. मला तो आठवलाच नाही. पाय पुण्यात जाऊन पोचला होता. दुसरा गिअर, भरपूर रेस, आणि क्लच अर्धा. पुढे, मागे, परत पुढे. पंधरा-वीस मिनिटं. मग वास आला. जळक्या नखांचा आणि तापलेल्या रबराचा असा एकत्र.

"दाजी, धूर," मेहुणा म्हणाला.

"वाफ आहे," मी म्हणालो.

शेवटी एक कतारी माणूस आपल्या मोठ्या गाडीतून आला, पट्टा अडकवला, 'यल्ला', म्हणजे चला, म्हणाला आणि आम्हाला दातात अडकलेल्या काडीसारखं उपसून काढलं. पट्टा गुंडाळताना त्याने हवा हुंगली आणि माझ्याकडे बघून, मित्राला सांगावं तसं शांतपणे म्हणाला, "सदीक, क्लच खलास."

मी आभार मानत शुक्रन म्हणालो. गाडी चालत होती ना. घरी येईपर्यंत बायकोने खिडक्या उघड्या ठेवल्या. चाकं मी पाण्याने धुतली. गाडीच्या पोटाखाली बघितलं नाही.

रविवारी सकाळी किल्ली ड्रायव्हरला दिली. त्याने गाडी सुरू केली, दोन फूट पुढे घेतली, थांबला.

"सायबानू, क्लच वरती पकडता. आणि वास कसलो येता?"

"ट्रॅफिक," मी म्हणालो. "शुक्रवारी दोहात फार होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असात."

पुढे तीन आठवडे तो ती गाडी लुसैलला नेत-आणत राहिला. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी ढिम्म राहते, हे त्याने दोनदा लेखी कळवलं. दोन्ही कागद माझ्याकडेच आले. गाडी वर्कशॉपला दिली असती तर प्लेट निघाली असती आणि प्रश्नही. मी दोन्हींवर 'लक्ष ठेवावे' असा शेरा मारला.

चौथ्या आठवड्यात ती लुसैलच्या फ्लायओव्हरवर बंद पडली, मागच्या सीटवर बड्या ग्राहकाचे दोन पाहुणे घेऊन. पाहुण्यांना वीस मिनिटं उन्हात उभं राहावं लागलं. बाकी कुणाला ओरखडाही नाही. पण आमच्याकडे पाहुण्याला घाम आला की 'इन्सिडंट' होतो. चौकशी समिती नेमली गेली. गाड्यांचं कळणारा आणि इंग्रजी बरं लिहिणारा म्हणून अहवाल माझ्याकडे आला.

वर्कशॉपचा मेकॅनिक पेशावरकडचा. त्याने काढलेली प्लेट माझ्या हातात ठेवली, मग इंजिनच्या चाकावरचे निळे डाग बोटाने दाखवले. "साहब, ये घिसा नहीं है. जला है. एक ही दिन में." रोजच्या वापराने प्लेट सावकाश, सारखी पातळ होते; असे निळे डाग फक्त एकदाच भयंकर तापल्यावर पडतात. मी डागांचे फोटो काढले. केबिनचेही काढले, त्यात ती मॅट आली. टाचेचा खळगा इतका स्वच्छ दिसत होता की त्या माणसाचा पाय पेडलवर टेकलेला राहत नव्हता, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

समितीच्या बैठकीत पाटीवर पाच वेळा 'का' लिहायचं असतं. ही एक जगन्मान्य पद्धत आहे. गाडी का थांबली? क्लच गेला. का? प्लेट संपली. का? तापली. का? हाफ क्लच. का? पाचव्या 'का'ला माणूस सापडावाच लागतो, आणि तो बैठकीत खुर्ची नसलेला असतो.

त्याला बोलावलं. सेफ्टी मॅनेजरने हिंदीत विचारलं, "पैर क्लच पे रखते हो?"

"नहीं साहब. नीचे रखता हूँ."

"गाडी रेत में ले गए थे?"

"मैं नहीं ले गया, साहब."

तो 'मैं' जरा जोरात आला. मग त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर टेबलावर ठेवली. माझ्या हातात पेन होतं. मला नोकरी जाण्याची भीती होती असं इथे लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नोकरी जाणार नव्हती. एक समजपत्र आलं असतं, आणि व्याख्यानं देणारा मीच म्हणून चार लोक हसले असते. एवढ्यासाठीच मी लिहिलं, 'मूळ कारण: चालकाची क्लचवर पाय ठेवण्याची सवय.' निळ्या डागांचा फोटो जोडला नाही. मॅटचाही नाही.

त्याचं साईटवर गाडी चालवायचं हिरवं परमिट काढून घेतलं आणि त्याला अवजारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. काँट्रॅक्ट ड्रायव्हरचं होतं. ते संपेपर्यंत परमिट परत मिळालं नाही, तर घरी जायचं. मधे आठ महिने होते.

बायकोने अहवाल वाचला. तो मीच तिला दाखवला होता, का ते मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "छान लिहिलंयस. आणि आपण थखिराला गेलो होतो ते कुठल्या पानावर आहे?"

सहा महिने मी स्टोअरमध्ये जायचं टाळलं, हातमोजे दुसऱ्याकडून मागवले. सातव्या महिन्यात सहीसाठी जावंच लागलं. खिडकीत तोच. दुपारची वेळ, आसपास कुणी नाही. मी मोजे घेतले, रजिस्टरमध्ये सही केली आणि तिथेच उभा राहिलो.

"ती गाडी," मी म्हणालो, "मी चिखलात नेली होती."

"ठाव आसा," तो म्हणाला. रजिस्टर बंद करून त्याने बाजूला सारलं. "त्या रविवारी गाडी खालसून मीच धुतलंय. खाडयेतलो चिखोल माका कळना नाय काय?"

"धुतली कशाला?"

"तुमच्या नावार येतला म्हणान. आपलो माणूस. माका वाटला, वेळ इली की तुमी सांगशात."

आवाजात राग नव्हता. माझ्याविरुद्धचा पुरावा त्याने पाण्याने धुतला होता. त्याच्या बाजूचा पुरावा मी अहवालातून वगळला होता. त्याच्याकडे बघून 'सॉरी' म्हणण्याइतकीही माझी लायकी नव्हती. तरी म्हणालो. तो म्हणाला, "मोजे दोन जोड हत, बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी एका पानावर सगळं लिहून, दोन्ही फोटो जोडून मॅनेजरकडे दिलं. त्याने वाचलं, चष्मा काढला. पुढच्या आठवड्यात आमच्या विभागाला सुरक्षेची ढाल मिळायची होती, समारंभासाठी फुगेही मागवले होते. "फाईल बंद झाली आहे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "उघडली तर सगळ्यांना त्रास. तुम्हाला त्याच्यासाठी काही करायचं असेल तर परमिटची फेरपरीक्षा मागा." पान त्याने ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी त्याच्याही वरच्या माणसाकडे जाऊ शकलो असतो. गेलो नाही, आणि खोलीबाहेर पडताना मला हलकं वाटलं. हेही इथे नोंदवायला हवं.

फेरपरीक्षा मी मागितली. घ्यायला आलेल्या परीक्षकाने त्याला वाळूच्या चढावर तीनदा गाडी थांबवून परत उचलायला लावली आणि बाहेर येऊन विचारलं की या माणसाला स्टोअरमध्ये कुणी बसवलं. मी परमिटचा कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला. परमिट मिळालं, काँट्रॅक्टही वाढलं. पिकअप मात्र दुसऱ्याकडे गेली होती. याला अल खोरहून स्टाफ आणणारी पंचवीस सीटची नवी बस दिली. ऑटोमॅटिक. अहवालात सवयीचा ठपका कायम आहे, म्हणून क्लचची गाडी त्याला देत नाहीत.

माझी गाडी आहे, तरी मी आता त्याच बसने जातो. सकाळी तो दार उघडतो, "बसा सायबानू," म्हणतो. मी त्याच्या मागच्या तिरक्या सीटवर बसतो. तिथून त्याचे पाय दिसतात. उजवा दोन पेडलांवर काम करतो. डाव्याला करण्यासारखं काही नाही. तो मॅटवर टेकलेला असतो, टाच नेहमी एकाच जागी, आणि तिथलं नवं रबर आता गुळगुळीत व्हायला लागलंय.