वाढदिवसाची मागची पंगत

लेकाने फोनवर सांगितलं, "आई, रविवारी तुझा वाढदिवस पेणला करू. गणपती आणायला गेलात की तू नि बाबा ज्या हॉटेलात जेवायचात ना, ते आता एकदम नवीन केलंय. आम्ही ठाण्याहून येतो, तू रोह्याहून गाडीने ये. मध्यावर भेटू."

घरी का येत नाही, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण नातीचा संध्याकाळी कसलासा क्लास असतो, आणि पेणच्या पुढे येऊन परत जायचं म्हणजे दिवस मोडतो, हे मला पाठ आहे. हो म्हटलं. खरं सांगते, मला आनंदच झाला. हे गेल्यापासून मी एकटी जेवते. जेवते म्हणजे काय, ताट मांडीवर घेऊन टीव्हीतल्या बायकांची भांडणं बघते. मला वाढदिवसाला साडी नको होती, केक नको होता. माणसांबरोबर बसून, बोलत बोलत एकदा जेवायचं होतं.

रविवारी ठेवणीतली साडी नेसून निघाले तर शेजारीण अंगणातून ओरडली, "कुठं चाललीस गो एवढी नटून?"

"वाढदिवसाला."

"कोनाच्या?"

"माझ्याच!"

ती तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. गाडीत खिडकी मिळाली. नागोठणे गेलं, कासू गेलं, आणि मी मनात गोष्टी जमवत बसले. मागच्या पडवीच्या कौलांचे कोने फुटलेत, समोरच्यांच्या मुलीचं लग्न मोडता मोडता कसं जमलं, आमच्या लंगड्या मांजरीने पिल्लं कुठे घातली. फोनवर या गोष्टी सांगता येत नाहीत. फोनवर लेक "हं, हं" म्हणतो आणि मला वाटतं, याचं काहीतरी महत्त्वाचं राहिलंय.

हॉटेल पाहून मी थक्क झाले. पूर्वी तिथे लाकडी बाकडी होती, दाराशी हात धुवायची मोरी होती, आणि मालक गल्ल्यावरूनच "दोन पापलेट थाळी!" असं ओरडायचा. आता काचेचं दार, आत गारठा, छतात लपवलेले दिवे आणि बसायला सोफे. सोफा इतका मऊ की मी बसले ती आत गेले, आणि टेबल माझ्या हनुवटीशी आलं. नात खदखदून हसली. सुनेने पाठीशी उशी सरकवून दिली. तशी गुणाची आहे ती. माझ्यासाठी साडी आणली होती, वाकून नमस्कारही केला.

लेकाने तळलेलं पापलेट, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी असं सगळं मागवलं. वाडगे मधोमध आले. आणि इथेच माझं चुकलं म्हणा, किंवा जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणा. वाडगे दिसले आणि माझा हात वाढायच्या डावाकडे गेला.

वाढपी म्हणाला, "मावशी, आम्ही वाढतो ना."

"राहू दे रे. तुला काय ठाऊक, कोनाला काय लागतं."

लेकाला मधली तुकडी वाढली. त्याला शेपटाकडची आवडत नाही. सुनेला कालवणातल्या कोलंब्या निवडून दिल्या, रस्सा कमी. नातीचे काटे काढत बसले. लेकाची भाकरी संपत आली तशी दुसरी मागवली. "आई, तू घे ना," सून दोनदा म्हणाली. "घेते गं, तुमचं होऊ दे," मी दोन्ही वेळा म्हणाले. पडवीच्या कोन्यांची गोष्ट सुरू केली होती, पण मध्येच भात आला आणि ती राहिली.

आमच्या घरात बायका मागून जेवायच्या. सासूबाई होत्या तोवर तो नियम होता. त्या गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो, तरी माझं पान मागूनच राहिलं. सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय मला घास गिळवतच नाही. मात्र मी कधी एकटी जेवले नाही. ह्यांचं जेवण झालं तरी हे उठायचे नाहीत. उष्टा हात वाळवू नये म्हणतात, हे मुद्दाम वाळवत बसायचे. कंपनीतल्या शिफ्टच्या गमती सांगायचे, साहेबाची नक्कल करायचे. माझा शेवटचा भात झाला की दोघं मिळून उठायचो. सेकंड शिफ्टहून थकून आले तरी हे कधी चुकलं नाही. त्या वेळी मला त्याचं काही वाटायचं नाही. पुरुषमाणूस आळशी असतो, उठायचा कंटाळा करतो, असंच मी बायकांत सांगायचे.

तर त्या दिवशी पेणला, सगळ्यांचं वाढून मी माझ्या ताटात पहिली भाकरी घेतली तेव्हा लेकाने ताट पुढे सरकवलं होतं. नात सोफ्यावर उड्या मारायला लागली होती. सुनेचा फोन वाजला, ती उठून काचेबाहेर गेली. लेक हात धुवायला गेला आणि येताना नातीला घेऊन दाराकडे वळला. जाता जाता म्हणाला, "सावकाश जेव तू. आम्ही गाडीत एसी लावून बसतो, ही इथे दंगा करतेय."

त्याच्या आवाजात काळजीच होती. राग कुणाचा करायचा?

चौघांच्या टेबलावर मी एकटी बसले. समोर तीन उष्टी ताटं. वाढपी ती उचलायला आला, मी म्हटलं, असू देत. मला रडू येत होतं आणि त्या भरलेल्या हॉटेलात पापलेट खाताना रडणारी म्हातारी दिसायची लाजही वाटत होती. रोह्याला एकटी जेवते तेव्हा निदान कोणी बघत नाही.

मग मी एक केलं. लेकाला फोन लावला. काचेतून तो मला दिसत होता, गाडीशी उभा. आयुष्यात मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"काय झालं गं?"

"आत ये. माझं होईपर्यंत समोर बस."

तो पळतच आला. "बरं नाही वाटत का तुला? घाम आलाय?"

"नाय रे. नुसता बस."

त्याला ते कळलं नाही, पण बसला. सोफ्याच्या काठावर. हातात गाडीची किल्ली. "अगं, तूच तर आरडायचीस, जेवलास ना, मग ऊठ, माझ्यासाठी खोळंबू नको म्हणून," तो हसत म्हणाला. मीही हसले. मग बाहेर नात रडायला लागली. त्याने मागे वळून पाहिलं. घड्याळ पाहिलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "जेव जेव, घाई नाही."

पडवीचं सांगावं की मांजरीचं, मला सुचेना. तो खोळंबलाय, एवढंच डोक्यात. मी भराभर घास घेतले. चव कळली नाही. एक काटा टोचला तो तसाच गिळला. आणि मग ताट पुढे ढकललं.

"झालं माझं."

"एवढ्यात? पोट भरलं ना?"

"भरलं."

"बघ, किती पटकन झालं!" असं म्हणून तो उठला. अर्धं पापलेट आणि अर्धीअधिक भाकरी तशीच ताटात होती. त्याने ती पाहिली नाही.