खांबांमधली भिंत

नकाशे मंजूर करणाऱ्या कार्यालयात ती एकटीच बाई अभियंता. पर्समध्ये कायम मोजपट्टी, म्हणून लोक तिला मापबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की मापबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं.

नदी समुद्राला मिळते तिथलं ते गाव. काठाच्या नकाशावर दोन पूररेषा होत्या. निळ्या रेषेच्या आत काहीच बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येई, पण घर खांबांवर उचलायचं आणि खाली मोकळं सोडायचं. पूर आला तर पाण्याला वाट हवी. मापबाईचं सासर याच पट्ट्यात होतं. जुनं बसकं घर पाडून तिच्या नवऱ्याने नियमाप्रमाणे नवं बांधलं. अडचण एवढीच, की राहायचं वर आणि सासऱ्यांचे गुडघे गेलेले.

सासरे घराखालीच होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. हाताला ग्रीस लागल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. सकाळी कठडा धरून, एकेका पायरीला शिवी हासडत खाली यायचे, ते रात्रीच वर. दुपारची झोपही खालीच, बाकड्यावर. वारा लागतो म्हणून त्यांनी एका बाजूला ताडपत्री बांधली. ताडपत्री फडफडते म्हणून पत्रा आला. पत्रा वाजतो म्हणून विटा आल्या.

"बाबा, इथे भिंत चालत नाही," ती म्हणाली.

"भिंत कुठाय? आडोसा आहे तो."

"आडोशाला प्लॅस्टर करतात का?"

"करतात. सून अभियंता असली की सगळं नीटनेटकं लागतं."

ती हसली, आणि तिथेच फसली. कारण शेजारच्या होडीवाल्याने ते प्लॅस्टर पाहिलं आणि महिन्याभरात आपल्या घराखालच्या दोन बाजू बंद करून टाकल्या. ती मोजपट्टी घेऊन गेली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमचं कुसळ दिसलं. घरचं मुसळ कधी मोजताय?"

तिने साहेबांना सांगितलं, घरचं प्रकरण आहे, तुम्हीच बघा. साहेब म्हणाले, "मला कशाला मध्ये घेता? घरचं घरी मिटवा." दुसऱ्या दिवशी तिने दोन नोटिसा काढल्या. एक होडीवाल्याला, एक सासऱ्यांना.

"बापाला नोटीस?" नवरा म्हणाला. "आणि संध्याकाळी त्याच्याच ताटात भाजी वाढणार?"

"वाढणार," ती म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस नवरा तिच्याशी कामापुरतंच बोलला.

सुनावणीला सासरे धुतलेला शर्ट घालून आले. बाकावर बसून राहिले, नाव पुकारल्यावर उठले.

"मॅडम, नियमात पाण्याला वाट ठेवलीय. बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाला कुठे ठेवलंय?"

तिला उत्तर माहीत होतं, तरी तिने पुस्तक उघडून पाहिलं. "नाही ठेवलेलं, बाबा."

"मग?"

"तरी भिंत पाडावी लागेल."

"पाडतो. पण मला पटलेलं नाही, हे लिहून घ्या."

तिने ते शब्दशः लिहून घेतलं.

भिंत नवऱ्याने पाडली. घण तो गरजेपेक्षा जोरात घालत होता. सासरे मात्र खाली यायचेच बंद झाले. वरच्या खिडकीत बसत. गिऱ्हाईक खालून ओरडून इंजिन कसं खोकतं ते सांगे आणि ते वरून औषध सांगत. जेवायला सून वाढे. ते जेवत. बोलत नसत.

हे फार दिवस चाललं नाही, कारण होडीवाल्याचं इंजिन बंद पडलं आणि वरून सांगितलेल्या औषधाने ते काही उठेना. त्याचीही भिंत गेलीच होती. तो तणतणत जिना चढून आला. "तुमच्या सुनेनं माझी भिंत घेतली. तुम्ही निदान इंजिन तरी चालू करून द्या!" तिच्या नवऱ्याला हाताशी घेऊन त्याने म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललं आणि खाली आणून ठेवलं. संध्याकाळी परत वर. मग रोज तेच सुरू झालं. सासरे कानटोपी घालून वाऱ्यात बसू लागले आणि उचलणाऱ्यांना, जिन्यावर तिरपं कसं व्हायचं, यावर सूचना देऊ लागले.

त्या वर्षी पूर आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. आला असता तर मापबाई बरोबर ठरली असती. आला नाही, म्हणून ती नुसतीच कडक ठरली. नवरा हळूहळू बोलायला लागला, आधी मुलांच्या शाळेबद्दल, मग इतर गोष्टींबद्दल.

कार्यालयात कोणी त्या पट्ट्यातल्या घराचा नकाशा आणला की ती आता आधी जिना पाहते. "घरात वयस्कर कोण आहे?" असं विचारते. लोकांना ही चौकशी आगाऊ वाटते. एकदा एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आलं होतं. त्यातला नवरा म्हणाला, "अजून कोणी नाही, मॅडम."

"तुम्हीच व्हाल की," ती म्हणाली आणि पायऱ्यांची उंची कमी करून आणा, असं सांगून नकाशा परत दिला.