विहिरीचा सर्वानुमते ठराव

ग्रामसेवक म्हणून माझी पहिली नेमणूक नांदुऱ्याकडच्या एका गावात झाली, तेव्हा लोकशाही गावात मीच आणून पोचवायची आहे अशी माझी समजूत होती. पंचायत राज नुकतंच आलं होतं, मी प्रशिक्षण संपवून नुकताच आलो होतो आणि माझं अक्षर सुंदर होतं. एवढं डोकं फिरायला पुरेसं होतं.

गावाचं पाणी खारं. मी मेहकरकडचा, गोड्या पाण्यावर वाढलेला. इथला पहिला चहा मी कपातच सोडला होता. पिण्याचं पाणी बायका नदीवरून आणत, त्यात अर्धी सकाळ जाई. सरकारनं एक विहीर मंजूर केली आणि ती कुठे खणायची हे गावानंच ठरवावं असं कळवलं. मी हरखलो. दवंडी दिली, मारुतीच्या देवळात ग्रामसभा भरवली आणि प्रत्येकानं आपलं मत निर्भयपणे मांडावं यावर इतका वेळ बोललो, की मत मांडायला कोणाला वेळच उरला नाही. शेवटी सरपंच म्हणाले, "देवळाजोळच पाडू. खोल गेलं का गोड लागते." माना डोलल्या. मी लिहिलं : सर्वानुमते.

अडचण एकच होती. सभेला पुरेशी माणसं नव्हती आणि बौद्ध वस्तीतलं तर कोणीच नव्हतं. देऊळ पूर्वी त्यांना बंद होतं, आता त्यांनीच देव सोडले होते. तरी सभा देवळात ठेवण्यात काही चुकतंय हे मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन मी वस्तीत अंगठे गोळा करायला गेलो. तशी पद्धतच होती. चार-पाच सहज मिळाले. मग एका बाईनं हात पदराखाली घेतला.

"भाऊसाहेब, म्या काय म्हतलं याच्यात?"

तुम्ही सभेला नव्हता, तर काय म्हणणार, असं मी म्हटलं.

"मंग माहा आंगठा काऊन पाह्यजे तुमाले? माहं म्हननं अंदर लेहा, मंग घ्या."

तिचं म्हणणं असं, की वस्तीजवळच्या नाल्याच्या वाळूत उकरलेला झिरा आहे, त्याचं पाणी गोड आहे, तेव्हा विहीर तिथे पाडा. देवळाजवळ कितीही खोल गेलात तरी खारंच लागेल. झिरा वस्तीचा, म्हणून बाकी गाव त्याला शिवत नव्हतं. ऊन चढत होतं आणि माझं जेवण राहिलं होतं. वाद नको म्हणून 'सर्वानुमते'च्या खाली बारीक अक्षरात मी ते लिहिलं आणि अंगठा घेतला. ठराव वाचतो कोण?

पंचायत समितीत एकानं वाचला. ठराव सर्वानुमते की विरोधासह, याचा खुलासा करा आणि सभा पुन्हा घ्या, असं पत्र आलं. मला त्या बाईचा मनापासून राग आला. सरपंचांना माझा आला. "तुमाले लेहाले कोनं सांगतलं होतं?" ते म्हणाले.

दुसरी सभा सकाळी शाळेच्या पटांगणात झाली. या खेपेला मी दोनच मिनिटं बोललो, आणि लोकांना बरं वाटलेलं दिसलं. वस्ती एका बाजूला बसली. नदीवरून परतणाऱ्या गावातल्या बायका कुंपणापाशी हंडे घेऊन थांबल्या. सरपंचांनी विचारलं, "झिऱ्याचं पानी गोड हाये, हे पाह्यलं कोनं?" पाहायचं तर वस्तीचं पाणी प्यायला हवं होतं, आणि कोणी पिणार नाही याची त्यांना खात्री होती.

ती बाई उठली. तिनं भरलेला पितळी गडू आणला होता. तो सरपंचांपुढे न धरता तिनं माझ्यापुढे धरला.

"तुमी तं सरकारचे मानूस. पेऊन पाहा, अन् मंग लेहा."

समतेवर मी प्रशिक्षणात भाषणं ठोकली होती. या वस्तीतले अंगठे मी घेतले होते, पाणी कधी घेतलं नव्हतं. मला आई आठवली, तिला कळलं तर काय म्हणेल तेही मनात आलं. माझी मलाच शरम वाटली, तरी हात पुढे येईना. गडू जड होता, बाईनं त्याला खालून दुसरा हात लावला. तेव्हा कुठे मी तो घेतला आणि प्यालो.

"गोड आहे," मी म्हणालो.

कुंपणापाशी बायकांनी हंडे खाली ठेवले आणि एकेक करत हात वर केले. बायकांचीही मतं मोजायची असतात हे प्रशिक्षणात शिकवलं होतं, मी विसरलो होतो. त्यांच्यात सरपंचांची बायकोही होती. सरपंचांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेहा, नाल्याजोळ."

इतिवृत्त मी वळणदार अक्षरात लिहिलं. कोण बोललं, किती हात वर झाले, सगळं लिहिलं; पाण्याची समक्ष चव घेऊन खात्री केली, हेही ऐटीत लिहिलं. गडू घ्यायला मला किती वेळ लागला, तेवढं लिहिलं नाही. पण तो वेळ साऱ्या गावानं पाहिला होता, आणि तेवढा वेळ ती भरला गडू धरून उभी होती.